राहतं घर दाखवायचं आहे

४ ऑक्टोबर

आज नव्या घरी आले. घर माझं नाही, पण दाराला आतून कडी लावली आणि आत मी एकटी, हे सुख कितीतरी वर्षांनी मिळालं. दादाकडे हॉलमधल्या दिवाणावर झोपायचं म्हणजे सगळे झोपेपर्यंत जागं राहायचं आणि कुणी उठायच्या आत उठायचं. वहिनी बिचारी कधी काही बोलली नाही. पण तिचं न बोलणंही मला ऐकू यायचं.

डोळ्यांचा दवाखाना बंद झाला तेव्हा वाटलं होतं, पन्नाशीला टेकलेल्या बाईला आता कोण नोकरी देणार. काउंटरवर बसून माणसांना धीर देणं याला कुणी कला म्हणत नाही. पण जाहिरात बघून फोन लावला, तर या नव्या कामाच्या साहेबांनी नेमकं तेच विचारलं. "घाबरलेल्या माणसाशी तुम्ही कसं बोलता?" मी म्हटलं, हळू बोलते, आणि त्याच्या हातात काहीतरी देते. पाण्याचा पेला, नाहीतर टोकन. ते हसले. "ताई, तुम्हीच हव्या होतात," म्हणाले. इतका मऊ आवाज मी आजवर ऐकला नव्हता.

काम असं. मालक-मालकीण परदेशी मुलाकडे गेलेत, घर भाड्याने द्यायचं आहे. रिकाम्या घरापेक्षा राहतं घर लोकांना आवडतं. तेव्हा मी इथे राहायचं, घर नीटनेटकं ठेवायचं, साहेब पाठवतील त्यांना दाखवायचं. राहणं फुकट, वर पगार. कुणी विचारलं तर मालकिणीची भाची म्हणायचं, म्हणजे लोकांना परकं वाटत नाही. शेजाऱ्यांशी फार बोलायचं नाही, मालकांना आवडत नाही.

चावी घेऊन एक स्कूटरवाला आला. हेल्मेट काढलं नाही, काचही वर केली नाही. त्या काळ्या काचेत मला माझाच चेहरा दिसला. हसरा होता.

६ ऑक्टोबर

मालकीणबाई भलत्याच टापटिपीच्या असाव्यात. फडताळातले डबे उंचीप्रमाणे लावलेत. पण निघताना घाई झालेली दिसते. न्हाणीघरात दात घासायचा ब्रश तसाच आहे. उशाशी चष्मा आहे, काड्या न मिटलेला. पलीकडच्या खोलीत शिवणाचं मशीन, त्यावर उशीचा अर्धवट शिवलेला अभ्रा, आणि सुई कापडात खाली उतरलेली. परदेशी जाताना माणूस चष्मा विसरतो का? नवा केला असेल. दवाखान्यात मी पाहिलंय, नवा चष्मा मिळाला की लोक जुन्याकडे ढुंकून बघत नाहीत.

ब्रश एकच आहे. ओट्यावर ताटही एकच. गादी एकाच अंगाने दबलीय. मालक दुसऱ्या खोलीत झोपत असतील. घोरणारे पुरुष असतात.

घर छान आहे, तक्रार नाही. फक्त असं वाटत राहतं की कुणीतरी आत्ताच दूध आणायला खाली गेलंय आणि मी तिच्या खुर्चीत बसलेय.

९ ऑक्टोबर

पहिलं गिऱ्हाईक आलं. तरुण जोडपं. ती पोटुशी. पर्समधून टेप काढली आणि भिंत, दार, खिडकी, सगळं मोजत सुटली. मनातल्या मनात मी तिचं नाव टेपवाली ठेवलं. नवरा गरीब, "छान आहे, छान आहे" एवढंच म्हणत होता.

टेपवालीच्या शंका संपेनात. वीजबिल कुणाच्या नावावर आहे? मालकांशी व्हिडिओवर बोलता येईल का? करार नोंदवायला मालक स्वतः येणार ना? घर पक्कं करायचे पैसे भलत्याच नावाच्या खात्यात का भरायचे? मी तिच्या हातात पाण्याचा पेला दिला. म्हटलं, "अगं, माझी सख्खी मावशी आहे ती. तिथे आत्ता सगळे झोपलेले असतील. तू आधी बस बरं." ती बसली. माणूस बसला की त्याची निम्मी शंकाही बसते, हे मला अनुभवाने ठाऊक आहे.

खोटं बोलले का मी? मावशी माझी नाही, एवढंच. बाकी घर खरं आहे, भिंती खऱ्या आहेत, नळाला पाणी खरं आहे.

थोड्याच वेळात साहेबांचा फोन. जिना उतरायच्या आत त्यांनी पैसे भरले म्हणे. मी विचारलं, मग माझं काम संपलं का? "छे, ताई. सामान आत येईपर्यंत काही खरं नसतं. लोक ऐनवेळी फिरतात. तुम्ही दाखवत राहा." माणूस व्यवहारी आहे.

१३ ऑक्टोबर

आज एक बस चालवणारे गृहस्थ आले होते, सोबत त्यांचे म्हातारे वडील. वडिलांना जिना चढवेना, दर मजल्यावर टेकत आले. पण खिडकीतून खालचं मैदान दिसलं आणि त्यांचा चेहराच खुलला. "इथे मी दिवसभर बसेन," म्हणाले. मी म्हटलं, बसा की. बसवाल्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. निघताना म्हणाले, "ताई, तुमच्याकडे बघून विश्वास बसला." किती बरं वाटलं. दवाखान्यात इतक्या वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं.

हॉलच्या कोपऱ्यात जुना वायरवाला फोन आहे. तो चालू असेल असं वाटलंच नव्हतं. ते दोघे गेल्यावर तो वाजला. उचलला तर कुणी बोलेना. श्वास ऐकू येत होता, आणि मागे चाकांची गाडी ढकलल्यासारखा खडखडाट. मी हॅलो, हॅलो केलं. पलीकडून हळूच फोन ठेवला.

१५ ऑक्टोबर

परत फोन. या वेळी आवाज आला, म्हाताऱ्या बाईचा.

"कोण, धाकटी का?"

मला काय सुचलं कोण जाणे, मी "हो" म्हटलं.

"घरीच आहेस?"

"हो, घरीच आहे."

"मग झाडांना पाणी घालतेस ना?"

"घालते की." आणि घालतेही मी, रोज.

"बरं झालं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. राँग नंबर. भ्रमिष्ट झालेली असेल बिचारी. मी खोटं बोलले, पण तिच्या आवाजातली धाकधूक थांबली, हे मला कळलं.

१६ ऑक्टोबर

सकाळी साहेबांचा फोन. "ताई, हॉलचा पडदा जरा बाजूला करा, अंधार वाटतो." मी पडदा सरकवला. मग म्हणाले, "आणि तो जुना फोन उचलत जाऊ नका."

मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, त्या फोनबद्दल मी त्यांना काही सांगितलंच नव्हतं. आणि पडद्याचं? आज तर कुणी घर बघायलाही आलं नव्हतं.

वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, "वन्सं, तुम्ही त्या साहेबांना एकदा तरी डोळ्यांनी पाहिलंय का?" तिला सगळ्यात खोट दिसते. मी रागानेच फोन ठेवला.

१९ ऑक्टोबर

जिन्यात खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड पोस्टमन भेटले. मी मान खाली घालून निघाले होते, त्यांनीच अडवलं. "तुम्ही त्यांच्या भाची ना? बरं झालं आलात. कशी आहे आता तब्येत? पाय टेकता येतो का?"

मी म्हटलं, बरी आहे.

"एकट्या बाईला फार जड जातं हो," म्हणाले. एकटी? वयाप्रमाणे विसरत असतील. मालक कसे त्यांच्या लक्षात नाहीत? पायाचं काय ते मला कळलं नाही. प्रवासात लागलं असेल.

आज दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. दोघांनाही घर आवडलं. सगळ्यांना आवडतं.

२२ ऑक्टोबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे उद्या मला वाचता येईल.

जुना फोन वाजला. उचलायचा नाही असं ठरवलं होतं. वाजत राहिला. साहेबांना कळणार कसं, असं म्हणून उचलला.

"धाकटे, एक सांगायचं राहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतली बारकी कुंडी आहे ना, निळी, टवका उडालेली. तिला फार पाणी नको. तिची मुळं कुजतात."

मी फोन हातात धरूनच स्वयंपाकघराकडे वळून पाहिलं. निळी कुंडी. काठाचा टवका उडालेला. खालची ताटली काठोकाठ भरलेली.

"आजी, तुम्ही कुठून बोलताय?"

"इथूनच गं. इथे सगळे पाय टांगून पडलेत, दुकानातल्या कपड्यांसारखे."

तेवढ्यात दुसऱ्याच बाईचा आवाज आला, करडा. "कोण बोलतंय? मी वॉर्डातली नर्स. आजींना घरचं कुणी नाही, एकट्याच राहतात असं त्यांनी लिहून दिलंय. तुम्ही कोण त्यांच्या?"

मी फोन ठेवून दिला.

लगेच साहेबांना विचारलं. ते क्षणभरही अडखळले नाहीत. ती मालकिणीची थोरली बहीण, पूर्वी इथे राहायची, डोक्यावर परिणाम झालाय, म्हणून तर तो फोन उचलू नका म्हटलं होतं. सगळं कसं व्यवस्थित जुळलं. मला हायसं वाटलं. ताटलीतलं पाणी ओतून दिलं.

पण हे लिहिताना माझं लक्ष सारखं त्या चष्म्याकडे जातंय. दवाखान्यातली सवय, आज तो उचलून उजेडात धरला. नंबर भारी आहे. याच्याशिवाय त्या बाईला समोरचा माणूसही ओळखू येणार नाही.

२५ ऑक्टोबर

टेपवाली न सांगता आली. पाळणा कुठे बसेल ते मोजायचं होतं. आम्ही एक तारखेला सकाळी सामान आणतोय, म्हणाली. ट्रक ठरवलाय. जुनं घर सोडल्याचंही कळवून टाकलंय.

बसवाल्यांनाही साहेबांनी एक तारखेलाच यायला सांगितलं आहे, त्यांनी जाता जाता मला सांगितलं होतं. एकोणीस तारखेच्या दोघांचेही पैसे भरून झालेत. घर एक आहे.

टेपवाली जमिनीवर बसून टेप ओढत होती, मी टेपचं दुसरं टोक धरून उभी राहिले. हे लिहायला नको वाटतं, पण असंच झालं.

ती गेल्यावर साहेबांना फोन लावला. म्हटलं, इतके जण एकाच दिवशी कसे येणार? ते नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाले, "तुमची बदली झाली आहे, ताई. एकतीसला सकाळी माणूस येईल, नव्या घराची चावी देईल. फक्त तुमची बॅग घ्या."

"आणि ही माणसं?"

"त्यांचं मी बघतो."

"मी पोलिसांत गेले तर?"

ते खरंच समजावण्याच्या सुरात म्हणाले, "जा की. पण त्यांनी मला कुठे पाहिलंय? त्यांनी तुम्हाला पाहिलंय."

२६ ऑक्टोबर

सकाळपासून घर शोधत होते. काय शोधतेय ते मलाही माहीत नव्हतं. हॉलमध्ये शोकेसच्या मागे, प्लगमध्ये एक पांढरी डबी सापडली. मोबाइलच्या चार्जरसारखी, पण वायर नाही. पुढे बारीक काळा ठिपका. हात लावला तर कोमट होती. मी इथे आले त्या दिवसापासून ती माझ्याकडे बघत असणार. मी जेवताना, केस विंचरताना, एकटीच गुणगुणताना.

उपटून काढली. ती हातात असतानाच माझा मोबाइल वाजला.

"ताई, ती परत लावा."

मी तशीच चपला घालून खाली उतरले. रस्त्यावर उभं राहून वहिनीला फोन केला. ती एकच म्हणाली, "तिथेच थांबा, मी निघाले."

२७ ऑक्टोबर

वहिनीने एका शब्दानेही टोमणा मारला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आधी त्या आजींना शोधू." खालच्या पोस्टमननी हॉस्पिटल सांगितलं. त्यांना वाटलं, भाचीला माहीत असणारच, मी उगाच खात्री करतेय.

आजी वॉर्डाच्या टोकाला होत्या, पाय वजनाला बांधलेला. मी चष्मा नेला होता. तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घातला आणि बराच वेळ मला न्याहाळलं.

"म्हणजे तू आहेस तर," त्या म्हणाल्या.

"मी तुमची बहीण नाही, आजी."

"मला माहीत आहे. ती जाऊन पुष्कळ वर्षं झाली." मग म्हणाल्या, "पडून पडून कंटाळा यायचा. आपल्याच घरातला फोन वाजवायचे, घंटा जाते तेवढी ऐकायची. बंद घरात आपलं काहीतरी हलतंय असं वाटायचं. एक दिवस कुणीतरी उचलला."

वहिनीने विचारलं, "मग कुणाला सांगितलं का नाहीत?"

"सांगून काय करणार? मी इथे अशी बांधलेली. चोर असेल तर बोलणार नाही, म्हटलं. ही बोलली. पाणी घालते म्हणाली. म्हटलं, निदान तिला बोलतं ठेवावं. बोलता बोलता कोण आहे ते कळेल." त्यांनी चष्म्यातून परत माझ्याकडे पाहिलं. "भीती वाटायची मला. तुझा आवाज फार गोड आहे."

चावी कशी गेली तेही त्यांनीच सांगितलं. चष्मा न घालताच उतरताना जिन्यात पडल्या, तेव्हा कुणाचंतरी पार्सल घेऊन आलेला एक मुलगा मदतीला धावला. अँब्युलन्स येईपर्यंत थांबला, वर जाऊन दार लावून आला. चावी द्यायची राहिली असं त्यांना वाटलं. चेहरा त्यांना सांगता आला नाही. त्याने हेल्मेट काढलंच नव्हतं.

२८ ऑक्टोबर

पोलीस चौकीत दिवस गेला. ड्यूटीवरच्या हवालदारबाई लिहीत होत्या. मध्येच लिहिणं थांबवून त्यांनी विचारलं, "घर तुम्ही दाखवलंत. भाची आहे असं तुम्ही म्हणालात. मग फसवलं कुणी?" वहिनी म्हणाली, "तेच सांगायला आलोय ना आम्ही." साहेबांचा नंबर लावून पाहिला. अस्तित्वात नाही.

माझ्याकडे कुणाचाच नंबर नाही. टेपवालीचा नाही, बसवाल्यांचा नाही. सगळ्यांशी साहेबच बोलायचे. एक तारखेला मी त्या घरी थांबते, असं मी हवालदारबाईंना सांगितलं. त्यांनी माणूस पाठवायचं कबूल केलं. वहिनी म्हणाली, मीही थांबते. एकतीसलाही आम्ही तिथेच असणार.

१ नोव्हेंबर

काल हेल्मेटवाला आलाच नाही.

आज सकाळी ट्रकचा आवाज आला. मग दुसऱ्या टेम्पोचा. मी दार सताड उघडून उंबऱ्यात उभी राहिले. टेपवाली सगळ्यांत पुढे होती. तिच्यामागे तिचा नवरा, गादी डोक्यावर. मागून बसवाले, वडिलांना हाताला धरून. त्यांच्याही मागे जिन्यात माणसं दिसत होती. एकमेकांच्या सामानाकडे बघत होती.

मी सांगितलं. हळू बोलले नाही, हातात काही दिलं नाही. घर माझ्या मावशीचं नाही, मालकीण हॉस्पिटलात आहे, तुम्हा सगळ्यांना फसवलंय आणि ते माझ्या तोंडून फसवलंय.

बसवाल्यांचे वडील तिथेच पायरीवर बसले. टेपवालीने भिंतीला हात लावला आणि डोळे मिटून उभी राहिली. कुणीतरी मला शिवी दिली. ती मला लागली नाही. लागलं ते निराळंच.

जिन्यातल्या निम्म्या माणसांना मी कधी पाहिलंच नव्हतं. पण त्यांनी मला ओळखलं. एका बाईने मोबाइल पुढे केला. त्यात मी होते, याच हॉलमध्ये. पाण्याचा पेला पुढे करत म्हणत होते, "माझी सख्खी मावशी आहे ती. तू आधी बस बरं." घर न बघताच त्यांनी पैसे भरले होते. मला बघून.

पोलीस आले ते दुपारी.

१२ डिसेंबर

पुन्हा दादाकडे, दिवाणावर. आता वहिनी माझ्याआधी उठते, चहा करते आणि मला उठवत नाही.

केस चालू आहे. आजींच्या जबाबामुळे मला अटक झाली नाही, पण चौकीत हजेरी असते. पैसे कुणाचेच मिळालेले नाहीत. खाती भलत्याच कुणा गरीब माणसांच्या नावावर निघाली, त्यांनाही काही माहीत नाही. बसवाले वडिलांना घेऊन गावाकडे गेले. आजी घरी आल्या. भेटायला गेले तर त्यांनी कुलूप बदललेलं होतं. साखळी न काढता दार किलकिलं करून बोलल्या. माझा पगारातून घेतलेला टॉवेल राहिला होता, तो फटीतून दिला. "राग नाही," म्हणाल्या, "पण आत नको येऊस."

टेपवालीला मुलगी झाली. आम्ही बोलतो. सुरुवातीला तिने चौकीतून माझा नंबर घेऊन फोन केला तो मला चार शब्द सुनवायला. सुनावून झाल्यावरही तिने फोन ठेवला नाही.

२० जानेवारी

टेपवाली रोज जाहिराती वाचते. काल तिने एक पाठवली. दुसऱ्या टोकाच्या वस्तीतलं घर. खाली लिहिलेलं, "राहतं घर, कधीही बघायला या, ताई असतील." चौकीत कळवलं. बघतो म्हणाले. आज आम्ही दोघी गेलो. ती मुलीला घेऊन खाली थांबली, मी वर गेले.

दार उघडलं ते माझ्याच वयाच्या एका बाईने. अंगावरचा स्वेटर तिला खांद्यात मोठा होत होता. चेहरा हसरा. आतून फोडणीचा वास येत होता. मागे भिंतीवर कुणाच्यातरी मुलांचे फोटो.

"या ना, बसा आधी," ती म्हणाली आणि पाणी आणायला वळली.

मी उंबरा ओलांडला नाही. म्हटलं, "मला घर नकोय. तुम्ही साहेबांना कधी पाहिलंय का?"

ती वळली. तिचं हसू तसंच होतं, पण त्यामागचं सगळं थांबलं. तेवढ्यात तिच्या हातातला मोबाइल वाजला. तिने नंबर बघितला, मग माझ्याकडे, मग हॉलच्या भिंतींकडे, एकेका कोपऱ्याकडे. ही शंका तिच्या मनात आधीच आलेली होती, ते मला दिसलं.

"उचलू नका," मी म्हटलं.

तिने नाही उचलला. शोकेसवर ठेवला, पालथा. गॅस बंद करून आली, पायात चपला सरकवल्या आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. आम्ही जिना उतरू लागलो. तिने कठड्याऐवजी माझा दंड धरला होता. आत मोबाइल थांबला. मग त्या घरातला दुसरा फोन वाजायला लागला, जुन्या पद्धतीचा, लांब घंटेचा. पुढच्या वळणावर ती थांबली.

"या घरात दुसरा फोन नाहीये," ती म्हणाली.

मला ती कोमट पांढरी डबी आठवली; बघणारी डबी आवाजही काढत असेल. आम्ही पुढचा जिना भराभर उतरलो.